देवाआधी हुंगायचं कसं

नाकाच्या डॉक्टरला लोक नाकाचं सहसा सांगतच नाहीत. कान वाहायला लागला की पोराला खांद्यावर टाकून येतात, घसा बसला की हातवारे करत येतात. पण वास येत नाही एवढ्यासाठी कुणी एसटीचं तिकीट काढत नाही. आमच्या लातूरच्या ओपीडीत माणूस "सर्दी हाय" म्हणून बसायचा, सगळं तपासून व्हायचं, चिठ्ठी हातात पडायची आणि मग उठता उठता म्हणायचा, "वास बी येईना म्हणा." जणू काही छत्री विसरलीय.

एका साथीच्या तापानंतर असे "म्हणा" फार वाढले, तेव्हा आमच्या मोठ्या सरांनी त्यावर अभ्यास करायचा ठरवला. ताप जातो पण गेलेला वास परत येत नाही, अशा माणसांच्या नाकाला तालीम द्यायची. चार छोट्या बाटल्या, गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची, मन लावून हुंगायची, तो वास आठवायचा. काही महिन्यांत काहींचं नाक पुन्हा शिकतं, काहींचं नाही. आमच्या भागातल्या लोकांना याचा कितपत गुण येतो, ते आम्हाला बघायचं होतं.

मी नांदेडला राहते आणि ठरलेल्या वारी लातूरला जाते. अहमदपूर येईपर्यंत बसमध्ये मी सरांशी मनातल्या मनात भांडत असे. निलगिरी कुणाच्या घरात असते? भाजलेली ज्वारी द्या, काळा मसाला द्या, शेणाचा सडा द्या म्हणावं! प्रत्यक्षातही भांडले. सर शांतपणे म्हणाले, "सगळीकडे हेच चार वापरतात. आपण वेगळे वापरले तर तुलना कशाशी करणार?" बरोबर होतं त्यांचं, म्हणून मला जास्तच राग आला. माझा स्वभाव तापट आहे. घरचे पाहुण्यांना ते आधीच सांगून ठेवतात.

औशाच्या मावशी याच अभ्यासात आल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, पदर कमरेला घट्ट खोचलेला. सोबत सून होती. मावशींनी बसल्या बसल्या सुनेला केसपेपरच्या रांगेत धाडलं आणि ती दाराबाहेर पडल्याबरोबर खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बाई, मला कशाचाच वास येईना. तापातून उठले तवापासून. पर सुनेला कळू देऊ नका."

"का हो? कळलं तर काय होतंय?"

"येसर मी भाजते," त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं एवढ्यात सगळं आलं, आणि आलंच होतं. आमच्याकडे लग्न म्हटलं की येसराची आमटी हवी. धने, डाळी, ज्वारी, खोबरं, मिरच्या वेगवेगळं भाजून दळायचं. भाजण्यात एक पळ चुकला की सगळी आमटी कडू आणि पुढची दहा वर्षं पाहुण्यांची बोलणी. मावशींच्या भावकीत कुणाचंही लग्न निघालं की कढईपुढचा पाट मावशींचा. नजर नाही, घड्याळ नाही, वासावर कढई उतरवायच्या. आता त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात.

"नातीच्या लग्नाचं येसर माझ्या हातचं झालं पाहिजे," त्या म्हणाल्या. "एकदा का कढई सुटली हातातून, की मग मी कोपऱ्यात बसायची आन् लोकांनी पाया पडून जायाचं."

मी त्यांना बाटल्या दिल्या, कसं करायचं ते समजावलं, गुण येईलच असं नाही हेही सांगितलं. त्यांनी चारही बाटल्यांना हात लावून तो कपाळाला लावला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्या बाहेर गेल्या आणि सून चप्पल शोधायच्या निमित्तानं मागं राहिली.

"बाई, आत्याबाईंला वास येत न्हाई ना?"

मी डॉक्टरी चेहरा केला. तिनं तो बघितलाच नाही, बोलतच राहिली. एकदा दूध उतू जाऊन करपलं तरी आत्याबाई शेजारी बसून निवांत लसूण सोलत होत्या, तेव्हाच तिला कळलं होतं. पुढं एका लग्नात त्या येसर भाजायला बसल्या. धने काळे पडायच्या बेताला आले तरी त्यांचं उलथनं आपलं चालूच. बायका भोवती बसलेल्या. हिच्या तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, पाणी देऊ का?" त्यांनी दचकून खाली बघितलं आणि कढई उतरवली. तेव्हापासून हिचं तेच चालू होतं. भाजणी झाली असं वाटलं की ही पाण्याचं विचारणार.

"त्यांला वाटतं मला ठाव न्हाई. मी बी कळू देत न्हाई. तुमी बी सांगू नका."

सासू-सुनांची भांडणं सोडवायला मी एका पायावर तयार असते. पण दोघींची एकमेकींसाठी चाललेली लपवाछपवी पोटात ठेवायची म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच. नवऱ्यालासुद्धा सांगता येईना.

पुढच्या खेपेला मावशी आल्या.

"रोज करता ना?"

"हाव."

"चारी बाटल्या?"

"हाव, चारी. एकदा बी चुकले न्हाई."

आमच्याकडचा हाव म्हणजे उत्तर असतंच असं नाही. पुष्कळदा तो डॉक्टरचा मान असतो. मी वासाची तपासणी केली. हाती शून्य. त्याच्या पुढच्या खेपेलाही शून्य. मावशींचा चेहरा उतरलेला, लग्न जवळ येत चाललेलं, आणि बरोबरीनं सुरू केलेल्या काही जणांना थोडं थोडं कळायला लागलेलं. मला चैन पडेना. शेवटी मी म्हटलं, "मावशी, घरी कसं करता ते मला आत्ता करून दाखवा."

त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. गुलाबाची बाटली उघडली, तोंड जरा बाजूला वळवलं, श्वास रोखला, बाटली समोरच्या भिंतीला तीनदा ओवाळली आणि झाकण लावून टाकलं.

"आणि तुम्ही कधी हुंगता?"

"मी?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच काही वावगं बोलले. "बाई, घरात नवं काई आलं की आधी देवाला दाखवतो आमी. गुलाब देवाचा, लवंग देवाची, लिंबू बी देवाचंच. देवाआधी हुंगायचं कसं?"

"बरं, मग देवाला दाखवून झाल्यावर?"

"पुन्हा उद्या तीच बाटली दाखवायची आसती ना! हुंगलेलं फूल चालत न्हाई देवाला, मग हुंगलेली बाटली कशी चालंल?" आणि मग माझी समजूत काढावी तशा म्हणाल्या, "निलगिरी तेवढी हुंगते की मी. ती देवाला लागत न्हाई."

मी डोक्याला हात लावला. रागवावं तर कुणावर? लहानपणी देवाची फुलं तोडताना नाकाशी नेली म्हणून मीही आईचा धपाटा खाल्लेला. चार महिने महादेवाचं नाक तालमीत होतं आणि मावशी निलगिरीवर! मला इतकं हसू आलं की पलीकडच्या खोलीतून सर बघायला आले.

सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "यांना अभ्यासातून वगळावं लागणार," ते म्हणाले. माझा चेहरा बघून लगेच पुढं म्हणाले, "इलाज कशाला थांबवायचा? इलाज करा." मग बाकीच्यांनाही समोर करून दाखवायला सांगितलं, तर उदगीरचे एक काका वास उडून जाऊ नये म्हणून झाकण न काढताच हुंगत होते. त्या दिवसापासून नियमच झाला, आधी करून दाखवा मग घरी जा. सरांवर मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

मावशी आता अभ्यासात नव्हत्या, त्यामुळे मला मोकळीक होती. नांदेडला अत्तराच्या जुन्या दुकानात गेले आणि गुलाब मागितला. दुकानदार चाचांनी विचारलं, "तोहफ्यासाठी का?" मी म्हटलं, नाकाच्या इलाजासाठी. "मग असलीच न्या बाई, नकलीनं नाकाची आदत बिघडते," म्हणत त्यांनी आतली कुपी काढली. मावशींना मी बाटल्यांचे दोन जोड दिले. "हा देवाचा. याला तुम्ही हात लावून नमस्कार करा. आणि हा तुमचा. हा देवाला दाखवायचा नाही, नाकाला दाखवायचा. असा, जवळ धरून."

"कुत्र्यावानी?"

"हाव, कुत्र्यावानीच."

त्या लाजल्या. वास आपल्याकडं येतो, आपण वासाकडं जायचं नसतं, असं त्यांना त्यांच्या आईनं कढईपुढं शिकवलेलं. पण नातीचं लग्न होतं. शिकल्या. काही आठवड्यांनी आल्या त्या रडवेल्या होऊन. "बाई, गुलाबाला राकेलचा वास यायलाय! बिघडलं की हो सगळं." मी खुर्चीतून उठून त्यांचे हात धरले. आधी शून्य होतं, आता निदान चुकीचं तरी येत होतं! नाक परत शिकताना असं अडखळतं, पुष्कळांचं. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण जाताना त्यांनी दोन्ही जोड नीट पदरात बांधले.

येसर भाजायच्या दिवशी त्यांनी मला औशाला बोलावलं. मी अर्धी रजा टाकून गेले. अंगणात चूल मांडलेली, बायका सुपं घेऊन बसलेल्या, नवरी हळदीआधीच पिवळी दिसत होती. मावशी पाटावर. सून मागं तांब्या-पेला घेऊन उभी. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले तशी ती माझ्या कानाशी लागली.

"आज मी इचारणार न्हाई."

"अगं, आणि करपलं तर?"

"करपू द्या. दुसरे धने हायेत घरात."

मला त्या पोरीचा राग आला, आणि त्याच क्षणी मी तिच्या प्रेमातही पडले. कढईत धने पडले. मावशी ताठ बसलेल्या, मान जराही खाली नाही, हात फिरतोय. धने तांबूस झाले. मला खमंग वास आला, वाटलं झालं. मावशी हलल्या नाहीत. आणखी रंग चढला. मी तोंड उघडणार तोच सुनेनं माझ्या मनगटाला चिमटा काढला. नाकाच्या डॉक्टरला नाक असून काही कळेना अशी माझी अवस्था. शेजारची एक बाईसुद्धा पुढं वाकून कढईत बघायला लागली.

मावशींचे डोळे मिटलेले होते. नाकपुड्या एकदा हलल्या आणि त्यांनी कढई उतरवली.

एकही धना करपला नव्हता. त्यांनी चिमूटभर धने वाटीत काढून देवासाठी बाजूला ठेवले, डाळ कढईत ओतली, आणि मागं वळून न बघता म्हणाल्या, "सूनबाई, आज पाणी इचारलं न्हाईस?"

सुनेनं तांब्यातून पेला भरला. मग म्हणाली, "देऊ का, आत्याबाई?"

"दे," मावशी म्हणाल्या. "आता तहान लागली."