आयुधपूजेच्या दिवशी सर्व्हर बंद करताना

यशवंतपूरच्या घाऊक बाजाराच्या मागं डोळ्यांचं एक धर्मादाय इस्पितळ आहे. तिथल्या सर्व्हरची देखभाल सुमंतकडं होती. पेशंटची नावं, तपासण्या, कुणाच्या कुठल्या डोळ्यात कितव्या नंबरचं भिंग बसवायचं, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असायचं, आणि होसकोट्यापासून गावोगावच्या शाखांतली माणसं दिवसभर त्यात शिरून काम करायची. सर्व्हर चालू असताना सुमंतची आठवण कुणाला येत नसे. बंद पडला की मात्र सगळे ‘सुमंतण्णा, सुमंतण्णा’ करत धावायचे.

त्याचं घराणं कुठल्या पिढीत बेंगळुरात आलं हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि राग आला की दोन्हींची भेसळ. सुमंतला राग फारसा येत नसे. माणूस सावकाश. जेवणही सावकाश, बोलणंही सावकाश. बायको भार्गवी म्हणायची, “यांना आगगाडी धरायची असली तर आगगाडीलाच निरोप धाडावा लागेल.”

पण डेटाबेस बंद करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. भार्गवीनं एकदा विचारलं होतं, बटण दाबलं की बंद होतं ना, मग त्यात एवढं काय? तेव्हा त्यानं तिला तिच्याच भाषेत समजावलं. आपल्याकडं पंगतीत शेवटच्या माणसाचा ताकभात होईपर्यंत कुणी उठत नाही, तसं ते. आधी दार लावायचं, म्हणजे नवं कुणी आत येत नाही. मग आत बसलेल्यांचं होऊ द्यायचं. सगळे आपापलं सेव्ह करून बाहेर पडले की डेटाबेस मिटतो, आणि त्यानंतर लिनक्सची मशीन. चालू करताना याच्या उलट. ‘शटडाउन नॉर्मल’ लिहिलं की तो असा थांबतो. आणि ‘अबॉर्ट’ लिहिलं तर? तर जेवणाऱ्याच्या पुढचं पान ओढून घेतल्यासारखं. ज्याचं सेव्ह झालेलं आहे ते राहतं, ज्याचं अर्धवट आहे ते गेलं.

“मग ते असतंच कशाला?” भार्गवी म्हणाली.

“घराला आग लागली तर पंगत कशी सांभाळणार?”

नोकरीच्या सगळ्या वर्षांत अशी आग त्याच्याकडं कधी लागली नव्हती, आणि याचा त्याला मनातून अभिमान होता.

महानवमीला बेंगळुरात रिक्षापासून बसपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडतात. ज्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी विसावा द्यायचा आणि पूजा करायची. इस्पितळातही सर्व्हरची आयुधपूजा होई, आणि ती सुरू केली होती सुमंतनंच. पहिल्या वर्षी तो एकटाच हळदकुंकू घेऊन गेला होता. आता मोठे डॉक्टर नरसिंहराव, त्यांच्या पत्नी वसुमतीअक्का, नर्सा, पूजा सांगणारे आचार्य, झाडून सगळे त्या थंडगार खोलीत दाटीवाटीनं उभे राहत. कोहळा फुटे, आणि मग कडलेपुरीचा, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद वाटला जाई. पूजेपुरता सर्व्हर बंद ठेवायचा आणि ती झाली की सुमुहूर्तावर चालू करायचा, हा त्याचाच नेम. शाखांना दर वर्षी त्याचा निरोप जाई. काम सेव्ह करून बाहेर पडा, आपापल्या यंत्रांची पूजा करा, आणि एकदा कुंकू लावलं की माझा फोन येईपर्यंत यंत्राला हात लावू नका.

त्या वर्षी होसकोट्याला महानवमीच्याच सकाळी शिबिर ठेवलेलं होतं. सुट्टी असली की मुलं म्हाताऱ्यांना घेऊन येतात म्हणून. तिथं रक्षिता म्हणून मुलगी नोंदणीला होती. होसकोट्याकडच्या जुन्या मराठा घरातली, अजून हंगामी. डोळा मोजायचं यंत्र नंबर थेट तिच्या स्क्रीनवर पाठवी, आणि अख्खं शिबिर एकदम शेवटी सेव्ह होई. कागदावर फक्त नावं आणि फोन नंबर.

इकडं यशवंतपुरात राहुकाळ लागायला आला होता. सुमंतनं सगळ्या शाखांना फोन करून झाले होते. होसकोट्याचा तेवढा कुणी उचलेना. त्यानं दार लावलं, शटडाउन नॉर्मल लिहिलं आणि थांबला. कर्सर लुकलुकत राहिला. स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत त्यानं पाहिलं, एकच नाव आत होतं. रक्षिता.

“स्वल्प लवकर, सुमंतण्णा,” आचार्य घड्याळाकडं बघत म्हणाले. “राहुकाळात आरती नको.”

“एक जण आत आहे. होसकोट्याचं.”

त्यानं पुन्हा फोन लावला. वाजून वाजून थांबला. वसुमतीअक्कांच्या हातातलं आरतीचं तबक जड झालेलं दिसत होतं. डॉक्टरांना ऑपरेशनला जायचं होतं.

“काय सुमंत, तुझा देव अजून जागाच वाटतं?” डॉक्टर म्हणाले.

“समोर नैवेद्य दिसत असताना कसा झोपेल?” वसुमतीअक्का म्हणाल्या आणि सगळे हसले. मागून कुणीतरी नर्स म्हणाली, “काढ की रे तिला बाहेर, जेवायला गेली असेल पोरगी.” त्यावर आणखी हसू.

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण सुमंतचे कान तापले. एवढ्या माणसांत आपण, ज्यानं ही पूजा सुरू केली तोच, एका लुकलुकणाऱ्या रेघेपुढं हात जोडून उभे आहोत, असं त्याला वाटलं. जेवायलाच गेली असेल. सेव्ह केलंच असेल, नुसतं बाहेर पडायचं विसरली असेल. मधला मार्ग होता ‘इमिजिएट’चा, पण तोही आवराआवर करत बसतो, त्याला वेळ लागतो. त्यानं ‘अबॉर्ट’ लिहिलं आणि एंटर दाबलं. मशीन बंद केली. पंखे थांबले, खोली एकदम शांत झाली आणि घंटा वाजली.

पूजा छान झाली. मशीन चालू केल्यावर डेटाबेस आपली डागडुजी आपणच करून उठला, कुठं तक्रार नाही. सुमंत कडलेपुरीचा पहिला घास तोंडात टाकतोय तोवर होसकोट्याचा फोन आला.

“सुमंतण्णा, आमचीही पूजा झाली. बाहेर सनई लावली होती ना, तुमचा फोन ऐकूच आला नाही. आता हात लावू का यंत्राला?”

“लाव की.”

थोड्या वेळानं ती म्हणाली, “स्क्रीन कोरी दिसतेय, अण्णा. शिबिर दिसत नाही.”

“सेव्ह केलं नव्हतंस?”

“शेवटचा पेशंट उठला आणि सिस्टरनी येऊन कीबोर्डाला कुंकू लावलं. मग कसा हात लावू? तुम्हीच सांगितलेलं ना, फोन येईपर्यंत नको म्हणून. म्हटलं, तुमचा फोन आला की सेव्ह करते.”

“मोजायच्या यंत्रात असेल.”

“तेही बंद केलं होतं पूजेला. बंद केलं की त्यातलं पुसतंय.”

सुमंत म्हणाला, “बघतो मी.” बघण्यासारखं काही नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो उगाच सर्व्हरपुढं बसून राहिला, कारण बाहेर गेलं की कुणीतरी विचारणार. शेवटी डॉक्टरच दारात आले. हात पुसत त्यांनी विचारलं, “होसकोट्याचं काय गेलं म्हणतात?”

“शिबिर. तिकडून सेव्ह झालं नव्हतं.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज निघालं.

“म्हणजे ती म्हातारी माणसं पुन्हा आणायची?” डॉक्टर चिडले. “याच महिन्यात कायम करायची होती ना त्या पोरीला? बरं झालं आधी कळलं.”

सुमंत सर्व्हरवरची झेंडूची माळ सारखी करू लागला. डॉक्टर गेल्यावर त्याला वाटलं, आत्ता जाऊन सांगावं. मग वाटलं, आज पूजेचा दिवस, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. घरी पाहुणे होते, आणि रक्षिताचाच फोन आला. तो गॅलरीत गेला.

“अण्णा, मला खूप बोलले. बोलू देत. तुमच्या निरोपाचं मी काही काढलं नाही, उगाच तुम्हाला त्रास. एकच विचारायचं होतं. मी कुंकू पुसून सेव्ह दाबायला हवं होतं का?”

ती खरंच विचारत होती. त्याला मोठं मानून विचारत होती. आणि सुमंत म्हणाला, “दाबायला हवं होतंस.”

“सरी, ठीक आहे अण्णा,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी दाबेन.”

आत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून भार्गवीनं काही विचारलं नाही. पण पुढं दोन दिवस तो संध्येला बसे तो नुसताच बसून राही. पळी हातात आणि पाणी कधीच ओघळून गेलेलं. फोन वाजला की दचके. जेवताना तिनं आग्रह केला की म्हणे, “पुरे.” शेवटी तिनं देवघराच्या दारातच त्याला धरलं.

“काय झालंय?”

त्यानं सगळं सांगितलं. अबॉर्टचं सांगताना तो तिच्याकडं बघत होता. रक्षिताच्या फोनचं सांगताना मात्र समईकडं बघू लागला.

भार्गवी आत जाऊन समईची वात सारखी करून आली. मग म्हणाली, “पूजेचं कुंकू पुसायला हवं होतं, असं तुम्ही सांगितलंत तिला?”

“हो.”

“डोळे गेलेली माणसं पुन्हा बस धरून येणार. पोरीची नोकरी जाणार. आणि आपण इथं रोज चारीठाव करून देवाला दाखवतोय.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी रागावत नाही हो. पण माझ्यानं आज नैवेद्य दाखवणं होणार नाही. तुम्ही आधी जाऊन या.”

डॉक्टर नरसिंहराव ऑपरेशनच्या मधल्या वेळात कॉफी घेत होते. सुमंतनं उभ्यानंच सांगितलं. थांबायचं असतं तिथं आपण थांबलो नाही, मुलीनं आपलाच नियम पाळला होता, आणि हे कळल्यावरही आपण गप्प बसलो.

“म्हणजे आम्ही घाई केली, असं म्हणतोस?” डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

“नाही. तुम्ही चेष्टा केलीत. मी थांबा म्हणालो असतो तर तुम्ही थांबला असता. मला सगळ्यांसमोर तसं उभं राहायची लाज वाटली.”

“आणि आता?”

“आता त्याहून जास्त वाटतेय.”

डॉक्टरांनी कप पुन्हा उचलला. “मुलीचं मी बघतो. ती कायम होईल. पण रविवारी ती माणसं येतील तेव्हा पुन्हा का बोलावलं म्हणून विचारतील. ते मी सांगणार नाही, तीही सांगणार नाही. तू जा.”

रविवारी होसकोट्याच्या शाखेत बाकं भरलेली होती. कुणाचा मुलगा रजा काढून आलेला, कुणाची सून चडफडत. सुमंत आधी रक्षितापाशी गेला आणि सिस्टरांच्या देखत म्हणाला, “तू काही चुकली नव्हतीस. आत तू आहेस हे मला दिसत होतं. दिसत असून मी बंद केलं. आणि फोनवर तुला सांगितलं तेही चूक होतं.”

तिनं मान वर केली नाही. “बरं, सर,” म्हणाली आणि यंत्राची काच पुसू लागली.

आजवर ती त्याला कधी सर म्हणाली नव्हती. तो उभा राहिला, पण तिनं पेशंटची यादी त्याच्यापुढं सरकवली.

पहिलं नाव तानूबाईंचं होतं. मराठी ऐकून त्यांनी त्याचा हात धरला आणि काठी टेकत खुर्चीकडं चालल्या. “मागच्या खेपेलाच मोजलं होतं की रे माझं. पुन्हा कशाला?”

सुमंतनं सांगितलं. सर्व्हर काय, अबॉर्ट काय, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला, “आमच्या यंत्राची पूजा होती. मुहूर्त टळू नये म्हणून मी ते घाईनं बंद केलं. त्यात तुमचं मोजमाप होतं, ते पुसलं गेलं.”

“म्हणजे पूजेपायी माझा डोळा पुसलास होय?”

“हो, अज्जी.”

“पूजा तरी नीट झाली का?”

“झाली.”

“कुणाला पावली रे?”

बाकावरच्या एकदोघांनी हसू दाबलं. तानूबाई उत्तराला थांबल्या नाहीत. त्यांनी काठी त्याच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि हनुवटी यंत्रावर टेकवली. रक्षितानं त्यांना डोळा उघडा ठेवायला सांगितलं. नंबर स्क्रीनवर आला तसा तिनं तिथल्या तिथं सेव्ह केला, शेवटाची वाट न बघता.

सुमंतनं तानूबाईंना बाकापर्यंत पोचवलं. मग त्यानं पुढचं नाव पुकारलं. एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उठले आणि लगेच विचारू लागले, पुन्हा कशाला बोलावलं म्हणून. सुमंतनं त्यांचा दुसरा हात धरला आणि आता कन्नडमध्ये, पहिल्यापासून सांगायला लागला.