काहिलीतला समुद्र

प्राची मगदूम आनंदात असली की जिना चढत नाही, जिन्यावर चाल करून येते. त्या दिवशी ती माझ्या मंगळवार पेठेतल्या घराचा लाकडी जिना अशी धडधडवत आली की खालच्या बाळासो शिंप्यांनी मशीन थांबवून हाक मारली, "अंबूबाई, भूकंप झाला काय वो?"

"न्हाय बाळासो, प्राची आलीया."

"मग एकच की!"

ही प्राची म्हणजे गडमुडशिंगीच्या जिनपाल मगदुमांची थोरली. तिची आजी रत्नाबाई माझी जुनी चाहती. मी नाटक कंपनीत होते तेव्हा आमचा तंबू मुडशिंगीला पडला की ती पुढच्या रांगेत मांडी ठोकून बसायची आणि रडायच्या प्रवेशात माझ्या आधी रडायची. नात कॉलेजसाठी रोज कोल्हापूरला येऊ लागली, तशी तिने परस्पर ठरवून टाकलं की पोरगी दुपारची भाकरी माझ्याकडे खाईल. मला काय, माझ्या पडद्या-कपड्यांच्या जुन्या पेट्यांना आणि जुन्या गोष्टींना पुन्हा एक प्रेक्षक मिळाला.

प्राणिशास्त्र हा तिचा विषय आणि ते तिचं शेवटचं वर्ष. कॉलेजची सहल एकदा कोकणात गेली होती. बाकीच्या मुली लाटांत फोटो काढत होत्या आणि ही खडकावर पालथी पडून, ओहोटीने मागे ठेवलेल्या डबक्यात डोकं घालून बसली. बस हॉर्न वाजवतेय, सर हाका मारतायत, आणि हिचं आपलं एकच, "थांबा वो सर, खेकडा जुना शंख सोडून नव्या शंखात शिरायलाय!" तेव्हापासून आमच्या जेवणात रोज समुद्र. आमटीच्या वाटीत तिला डबकं दिसायचं आणि लिंबाच्या चकतीत तारामासा.

तर त्या दिवशी ती मोबाइल नाचवतच आली. मालवणच्या बाजूला एक संस्था आहे. ओहोटीच्या वेळी शाळेच्या मुलांना खडकांवर नेऊन ती समुद्रातले जीव दाखवते. तिथे नव्या पदवीधरांसाठी वर्षभराची इंटर्नशिप निघाली होती. तिथेच राहायचं, शिकायचं आणि शिकवायचं.

"फकस्त एक घोटाळा हाय, आज्जी. अर्जासोबत व्हिडिओ पाठवायचाय. मुलांना समुद्र शिकवतानाचा. मुलं खरी पाहिजेत आणि व्हिडिओ एका दमात घेतलेला पाहिजे. मधे कुठं कापायचा न्हाय."

"मग घे की. मुलांना काय तोटा आहे?"

"मुलं हायत. समुद्र कुठनं आणू?"

ती हसत होती, पण मला तिच्या बापाचं बोलणं ठाऊक होतं. जिनपालनी बजावून ठेवलं होतं की हा एक अर्ज कर, हौस भागव. नाही जमलं तर जूनपासून इचलकरंजीला मामांच्या कापडाच्या दुकानात बसायचं. मामा चांगले, दुकानही चांगलं. पण जिला आमटीत समुद्र दिसतो, तिने जन्मभर साड्यांच्या घड्या घालायच्या?

"अगं, आमच्या कंपनीत समुद्र म्हणजे निळा पडदा," मी म्हटलं. "दोन्ही विंगांत एकेक गडी उभा करायचा आणि पडदा हलवायचा. पुढच्या रांगेतली माणसं भिजू नयेत म्हणून पाय वर घ्यायची!" बोलता बोलता मी पेटीतून तो पडदा काढलासुद्धा. प्राचीने तो अंगाभोवती गुंडाळला, आरशात बघितलं आणि एकदम किंचाळली, "आज्जी! काहिल!"

मगदुमांचं गुऱ्हाळ आहे. उसाचा रस ज्यात उकळून गूळ करतात ती लोखंडी काहिल म्हणजे एवढी पसरट कढई, की तीत अर्धं वऱ्हाड मांडी घालून बसावं. तळाला निळा पडदा, वर पाणी, पाण्यात मीठ, कडेने दगड. झाला समुद्र! एक गणपती करणारा कुंभार माझ्या ओळखीचा. त्याने मातीचे शंख, तारामासे आणि एक खेकडा करून दिला. खेकड्याचे डोळे थेट गणपतीसारखे मोठे आणि प्रेमळ झाले होते, पण ते असो.

रत्नाबाईने मात्र नातीला समोर बसवून विचारलं, "तितं मासं मारायचं, कापायचं काम न्हाय न्हवं?"

"न्हाय आज्जी. नुसतं बघायचं. हातात घेतलं तरी जिथलं तिथं ठेवायचं."

"मग हे तर आमचंच काम की!" रत्नाबाई म्हणाली. "आमी जैन मानसं पानी गाळतो, तवा फडक्यावरचं जीव परत हिरीतच सोडतो. जा, कर अर्ज."

आजी राजी झाली, पण काहिल मिळायला अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. ऊस वेळेवर आला नाही म्हणून त्या एका दिवशी गुऱ्हाळ बंद होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रस पडणार होता. दुपारी मी पोचले तेव्हा काहिल भरून तयार होती. प्राचीने आणलेलं मिठाचं पोतं जिनपालनी स्वतःच्या हाताने ओतायला नेलं होतं. प्राचीची मैत्रीण अक्षता मोबाइल घेऊन उभी राहिली. गुऱ्हाळावरची आणि गल्लीतली पोरं काहिलीभोवती दाटीवाटीने बसली. मी प्राचीच्या कानात एवढंच सांगितलं, "शेवटच्या रांगेतल्या माणसाशी बोल."

ती बोलायला लागली, आणि अहाहा! भरती कशी येते, ओहोटी कशी जाते, पाणी मागे सरलं की डबक्यात कोण कोण अडकून राहतं. पोरांच्या माना तिच्या हाताबरोबर फिरत होत्या. मग ती म्हणाली, "आता सगळ्यांनी एकेक बोट बुडवून चव घ्या. समुद्राचं पाणी कसं लागतं?"

अपूर्वा नावाची पहिलीतली चिमुरडी सगळ्यांच्या आधी बोट चोखून ओरडली, "ताई, समुद्र ग्वाड हाय की!"

"गोड?"

"आक्शी ग्वाड!" सगळ्या पोरांचे हात कोपरापर्यंत काहिलीत.

प्राचीचा चेहरा पडला. तिने बापाकडे बघितलं. जिनपाल छताकडे बघत होते.

"अण्णा, मीठ?"

"हाय की. चिपाडाच्या ढिगामागं."

"टाकलं न्हाईसा?"

"खुळी का काय तू? उद्या त्या काहिलीत रसाचं आधण घालायचंय. खारट गूळ कुणाला खायला घालू, तुझ्या मामाला?" जिनपालचा आवाज चढला. "आणि पानी रसाच्या टाकीतनं सोडलंय. ग्वाड लागंल न्हाय तर काय!"

अक्षता तोंडावर हात ठेवून हसत होती, मोबाइल थरथरत होता, पण तिने तो खाली घेतला नाही. मी रंगभूमीवर मुकुट पडलेले पाहिलेत, राजाची मिशी गळालेली पाहिलीय. पण समुद्र गोड निघालेला पहिल्यांदाच बघत होते. पुन्हा घ्यायचा तर समुद्र खारट करू देणार कोण?

प्राची वळली ती बापाकडेच. "अण्णा, रस काहिलीत घातला की पुढं काय करता?"

"चुलाण पेटवतो."

"मग?"

"मग पानी वाफ हून जातं आणि गोडी मागं ऱ्हाते. ह्यात काय शिकायचंय?"

"ऐकलंसा?" ती पोरांकडे फिरली, आणि तिचा आवाज खरोखर शेवटच्या रांगेच्याही पलीकडे गेला. "समुद्र म्हणजे जगातली सगळ्यात मोठी काहिल! नद्या डोंगरातनं, दगडातनं येताना चिमूट चिमूट खार घेऊन येतात आणि ह्या काहिलीत ओततात. चुलाण कुठलं?"

"सूर्य!" पोरं ओरडली.

"पाणी वाफ होऊन जातं. मागं काय राहतं?"

"मीऽऽठ!"

"मग समुद्राचा गूळ का हुईत न्हाय?" अपूर्वाने विचारलं.

"कारण जेवढं आटतं तेवढं पाऊस आणि नद्या परत ओततात. ही काहिल कधी उतरत न्हाय."

मागून कुणीतरी विचारलं, "आणि त्यातली मळी कोण काढतं?"

गुऱ्हाळावरचं पोर, त्याला रसावर येणाऱ्या फेसाळ घाणीचीच काळजी! प्राची खदखदून हसली. "टाकतो आपणच, तर काढायची पण आपणच की रे!"

हसण्याच्या गदारोळात व्हिडिओ संपला. मी शिट्टी मारली. हो, मारली, या वयात दात थोडे कमी आहेत, पण शिट्टी अजून नीट वाजते. व्हिडिओ पाठवून झाल्यावर मात्र प्राची कपाळावर हात मारून खाली बसली. "आज्जी, खेकडा ऱ्हायला! तारामासा ऱ्हायला! समुद्रातले जीव दाखवायचे सोडून मी गूळ शिकवला वो!" ते प्रेमळ डोळ्यांचं ध्यान काहिलीच्या कडेला शेवटपर्यंत वाट बघत बसलं होतं. जिनपालनी मात्र संध्याकाळी दुकानाचं पक्कं करायला मामांना फोन करायचं टाळलं, असं रत्नाबाई म्हणाली.

पुढचे दिवस प्राची जिना हळू चढत होती. बाळासोंनाही चुकल्यासारखं वाटायला लागलं. आणि एके दुपारी पुन्हा भूकंप! "आज्जी, निवड झाली! निवड झाली! त्या मॅडम फोनवर हसायलाच लागल्या. म्हणाल्या, तुमचा खेकडा बिचारा बोलावण्याची वाट बघत बसला होता, त्याला इकडं घेऊन या!" आम्ही दोघी माडीवर नाचलो. खालून बाळासो ओरडले, "माडी माझ्या डोक्यावर येतीया!" आणि मग कारण कळल्यावर तेही वर येऊन नाचले.

तिला सोडायला आम्ही गाडी करून गेलो. मी, रत्नाबाई आणि जिनपाल. कोकणात एक नातलग नाही आणि गुऱ्हाळाच्या हंगामात सवड नाही, त्यामुळे या माणसाने समुद्र कधी बघितलाच नव्हता. किनाऱ्यावर उतरताच ते मुकाट चालत गेले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उभे राहून नुसते बघत राहिले. काठ दिसेना, तशी मान इकडून तिकडे फिरवली. मग वाकून एक बोट बुडवलं आणि चाखलं. रसाची पारख करतात तसं, डोळे मिटून, जीभ टाळूला लावून.

"काय अण्णा?" प्राचीने मागून विचारलं. तिच्या हातात मातीचा खेकडा होता.

जिनपालनी डोळे उघडले. गुऱ्हाळावर गड्यांना सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "आधण झकास जमलंय."