सत्कारात अडकलेलं संबळ

मोहने गावातले आमचे शेजारी महिपतराव देवीच्या गोंधळात संबळ वाजवतात. ठाण्यातल्या कला महोत्सवात त्यांना प्रथमच रंगमंच मिळाला, म्हणून त्यांच्या पत्नी कलावतीवहिनीही मुद्दाम ऐकायला आल्या होत्या. पण आधी प्रायोजकांचे सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फोटो, पुन्हा शाल. माझं डोकं तापलं होतं.

रात्रीचे दहा वाजत आल्यावर निवेदिका म्हणाली, “काका, आता माइक बंद होईल. वाजवणं राहू दे, तुमचाही सत्कारच करूया!”

“शाल पांघरायला मी काय मेलोय?” महिपतराव कडाडले आणि खाली उतरू लागले.

“वाजवा हो,” वहिनी म्हणाल्या. “मी ह्या लोकांच्या शाली बघायला नाही आले.”

रंगमंचाच्या पायरीवरच महिपतरावांनी संबळ कमरेला बांधलं. संयोजक हात हलवत धावत आला. महिपतरावांनी त्याच्याकडे बघत काठीचा पहिला टोला हाणला.