त्रिवेणीबाईंचं ‘माहीत नाही’

नल्लकुंट्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्रिवेणीबाईंचं औषधांचं दुकान आहे. त्यांचे आजोबा लातूरकडची शेती सोडून हैदराबादला आले, आणि बाई गेली सव्वीस वर्षं त्या काउंटरमागे उभ्या आहेत. एका गिऱ्हाइकाशी तेलुगू, दुसऱ्याशी दखनी, आमच्याशी मराठी. कुणाच्या गोळ्या कधी संपतात, हे त्यांना तोंडपाठ.

गेल्या वर्षी माझे सासरे लक्ष्मणराव बीपीच्या गोळ्या न्यायला गेलेच नाहीत. घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. तीन आठवड्यांनी दुपारी दुकान बंद करून बाईच आमच्याकडे आल्या, सोबत बीपीचं मशीन. आकडा एकशेऐंशीच्या वर गेला, तेव्हा सासऱ्यांनी खरं सांगितलं. त्यांच्याबरोबर रोज फिरायला येणाऱ्या नामदेवरावांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. ते याच गोळ्या घेत. त्यातच मोबाइलवर एक मेसेज आला की या गोळ्यांनीच तो कॅन्सर होतो. सासऱ्यांनी मुकाट्यानं गोळ्या सोडल्या.

मी वाद घालायला लागले. बाईंनी मला हातानं थांबवलं, तो मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “हे खरं की खोटं, मला माहीत नाही. विचारून सांगते. पण बीपी वाढलं की काय होतं ते मला नक्की माहीत आहे, काका. गोळी सोडू नका.” तिथूनच त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू झाली.

पुढचे चार दिवस बाईंनी ओळखीच्या दोन डॉक्टरांना गाठलं, कॉलेजच्या जुन्या सरांकडे जाऊन बसल्या. मग येऊन सासऱ्यांना सगळं समजावलं. हजारो पुरुषांवर अभ्यास झालेत. काहींत एखाद्या गोळीनं धोका किंचित वाढलेला दिसला, काहींत कमी झालेला, पुष्कळांत फरकच नाही. शिवाय बीपीवाले डॉक्टरकडे वरचेवर जातात, त्यांच्या तपासण्या जास्त होतात, म्हणून दडलेला आजार त्यांच्यात जास्त सापडतो. तेवढ्यानं गोळीवर ठपका ठेवता येत नाही. जाताना त्यांनी लघवीचा काही त्रास होतो का, असं सहज विचारलं. होत होता, सासऱ्यांनी तो लपवला होता. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला, एवढं सांगून बाई गेल्या.

पीएसए वाढलेला निघाला. मग बायॉप्सी झाली. कॅन्सर होता, पण ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता.

दुकानावरून जायची मला भीती वाटायला लागली. ‘गोळी सोडू नका’ म्हणणाऱ्या बाईंना हे कसं सांगायचं? सासरे मात्र मला घेऊन सरळ काउंटरशी गेले आणि रिपोर्ट पुढे ठेवला. बाईंनी तो शांतपणे वाचला.

“मग गोळीनंच झालं का हो?” सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी नजर चुकवली नाही. “मला तसं वाटत नाही, काका. पण तुमच्या एकट्याच्या बाबतीत छातीठोक सांगू शकेल असा माणूस मला भेटलेला नाही. मी तेव्हा सांगितलं तेच आजही सांगेन.”

 सासऱ्यांनी पुढच्या महिन्याच्या गोळ्या मागून घेतल्या. घरी येताना मला म्हणाले की बाईंनी खोटा धीर दिला असता, तर आपण परत त्या दुकानाची पायरी चढलो नसतो.

महिनाभरात ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बीपी तपासून, ते आटोक्यात आहे, तारीख पुढे ढकलायची गरज नाही, असं सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी दुकान बहिणीवर सोपवलं आणि माझ्या सासूबाईंशेजारी हॉस्पिटलच्या बाकावर दिवसभर बसून राहिल्या. बाहेर आलेल्या सर्जनना त्या इतकंच म्हणाल्या, की बीपीची गोळी पुन्हा कधी सुरू करायची ते कागदावर लिहून द्या.

याला आता आठ महिने झाले. पीएसए जवळजवळ शून्यावर आहे. मागच्या रविवारी सासरे बेगम बाजारात एकटेच जाऊन वर्षाची मिरची घेऊन आले, आणि देठं नीट काढलेली नाहीत म्हणून संध्याकाळपर्यंत कुरकुरत होते.