पुढचा शाफ्ट

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत गाडी म्हणजे पांढरी, छोटी आणि ॲव्हरेज देणारी. अशा रांगेत जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आणायचं मी ठरवलं, तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. शाळेत विज्ञान शिकवत होते आणि वडिलांबरोबर राहत होते. दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांनी मला एकच विचारलं, "बेन, आ तमने शुं सूझ्युं?" मी चाळिशीत दागिने केले असते तर कुणी काही विचारलं नसतं.

मही नदीकाठच्या कोतरांत, त्या मातीच्या घळींत, रविवारी सकाळी जीप घेऊन जाणारी काही मंडळी होती. त्यांच्यातल्या एका बाईंच्या शेजारी बसून मी एकदा गेले होते. समोर मातीची उभी चढण, मागे खोल घळ, आणि गाडी चारही चाकांनी माती धरत मुंगीच्या चालीनं वर निघाली होती. मला ते स्वतः करायचं होतं. कुणाच्या शेजारी बसून नाही. याहून वेगळं कारण मला नव्हतं आणि देण्याची गरजही वाटत नव्हती.

गाडी मिळाली शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोत्रीला. मालक एक निवृत्त कंत्राटदार होते. गाडी मी घेणार, पण ते बोलायचे फक्त बाबांशी. "काका, गाडी एकदम घरनी छे. काका, टायर जुओ." मी प्रश्न विचारला की उत्तर बाबांकडे बघून. शेवटी मी ओढणी कमरेला बांधली आणि सरळ गाडीखाली शिरले. "अगं, लोकांच्या अंगणात अशी आडवी काय पडतेस!" बाबा ओरडले. आमचं घराणं राजाच्या नोकरीतलं. तीन पिढ्यांत कुणी लोकांच्या अंगणात आडवं पडलेलं नाही.

पण मला हवं ते मी पाहिलं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा तो लोखंडी दांडा, पुढचा शाफ्ट, जागेवर होता. बरेच लोक डिझेल वाचवायला तो काढून टाकतात आणि चार चाकांची गाडी दोन चाकांवर चालवतात. यांनी काढला नव्हता. शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या भुसभुशीत मातीत मी गाडी फिरवून पाहिली. पुढची चाकं जोडणारा गिअरशेजारचा छोटा दांडा ओढल्यावर ती खेचतायत हे हाताला कळलं. मी तिथंच बाना, म्हणजे विसार, दिला. आठवड्यानं गाडी न्यायची ठरली.

न्यायला जायच्या सकाळी बाबा म्हणाले, "शुभ काम आहे. आज तरी साडी नेस." नेसले. नारळ फुटला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, मालकांच्या पत्नीनं पेढा भरवला. जरीकाठाच्या साडीत गाडीखाली कोण शिरतं? किल्ली घेतली आणि घरी आले.

पुढच्याच रविवारी मी कोतरात उतरले. उतरताना काही अडलं नाही. वर चढताना छोटा दांडा ओढला, समोर फोर-व्हीलचा दिवाही लागला, आणि अर्ध्या चढणीवर गाडी थांबली. मागची चाकं खड्डा खणत गरगरली, पुढची मेल्यासारखी. मग गाडी मागे घसरायला लागली. ब्रेकवर उभी राहिले तरी घसरतच होती. घळीच्या काठावरच्या वेड्या बाभळीला टेकून थांबली. ती बाभूळ तिथं नसती तर हे लिहायला मी नसते. मंडळींनी दोर लावून मला वर ओढलं. मी आधी गाडीखाली शिरले. शाफ्ट नव्हता. त्याच्या जागी दोन्ही टोकांना फडकी बांधली होती, व्यवस्थित, गाठी मारून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोड बोलून, पेढा भरवून गळा कापला होता मेल्यानं! घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जाऊ दे गं. शांती राख ना. जुनी वस्तू, असं व्हायचंच." मला वाटलं, हीच ती आमच्या घराची सभ्यता. लुटले गेलो तरी आवाज चढवायचा नाही. मी चप्पल घालून तडक गोत्री गाठली.

कंत्राटदारांच्या ओसरीतच मी तोंड सोडलं. चोर म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन तरटात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या पायाशी ठेवलं. तेल लावलेला शाफ्ट.

"बेन, हूं चोर नथी," ते म्हणाले. "तमारा पप्पा आव्या हता, हाथमां शाकनी थेली लईने. कहे, काढी नाखो, पण साचवी राखजो." म्हणजे मधल्या आठवड्यात बाबा भाजीची पिशवी घेऊन इथं आले होते आणि शाफ्ट काढून जपून ठेवायला सांगून गेले होते.

"गाडी कुणाच्या नावावर आहे?" मी मराठीतच ओरडले.

"तमारा."

"मग मला का नाही विचारलं?"

ते खरंच गोंधळले. "वडील बोल्या, बेन. पछी तमने शुं पूछवानुं?"

त्यांच्या लेखी त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. दोन भल्या माणसांनी चहा पिता पिता माझ्या गाडीचा निकाल लावला होता. आणि साडी! साडीसुद्धा त्यासाठीच होती. तो शाफ्ट मी गाडीत टाकला आणि घरी आले.

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांच्या ताटाशेजारी मी तो तेलकट दांडा आपटला.

"तू एकटी," ते म्हणाले. "गाडी चालवू नको असं मी म्हटलं का? रस्त्यावर चालव की हवी तेवढी. त्या कोतरात तुला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं," मी म्हणाले. "आज. तुमच्यामुळे." आणि चढण, घसरण, घळीचा काठ, सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला दया आली नाही. उलट राग आणखी वाढला, कारण ते घाबरले होते आणि घाबरून पुन्हा माझ्याचसाठी काहीतरी ठरवणार हे मला दिसत होतं.

"मला न सांगता असं करायचं तुम्हाला सुचलं तरी कसं?"

"बापाला सुचतं," ते हळूच म्हणाले. "काळजीपोटी."

हे ते इतकं सवयीनं बोलले की मी थबकले. असं पहिल्यांदाच करणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता.

"बाबा," मी विचारलं, "माझं आणखी काय काय काढून ठेवलंय तुम्ही?"

त्यांनी फक्त 'काही नाही' म्हणायचं होतं. मी विश्वास ठेवला असता. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि मान खाली घातली.