शेजारणीच्या मांडीवरचं इंजेक्शन

गोंदियाहून केशोरीला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. बस आदळली की मांडीवरचा बर्फाचा डबा ती दोन्ही हातांनी अलगद उचलून धरी. आत भावाचं पुढचं इंजेक्शन होतं; पहिलं आधीच देऊन झालं होतं.

भावाला नसलेले आवाज ऐकू येत. रोजची गोळी तो थुंकून टाकी आणि त्यावरून दोघांचं भांडण होई. या इंजेक्शनातल्या बारीक कणांत औषध कोंडलेलं असतं. अंगातल्या पाण्यानं कण हळूहळू तुटतात आणि औषध बरेच दिवस थोडं थोडं सुटत राहतं, असं डॉक्टरांनी तिला समजावलं होतं.

“मग आता भांडण नाही?” मी विचारलं.

“नाही जी. आधी मले पाहून दार लावे. काल म्हणे, ताई, तू जेवली काय?”

ती खिडकीबाहेर पाहू लागली. आजार अजून होताच. पण दोघांना बोलायला गोळीखेरीज दुसरं काही मिळालं होतं.