वर्तमानपत्रावरचा डाग

अलोइस पेखाचेक यांनी उभा जन्म दगडाचे गोळे घासले. प्रागमधल्या आमच्या संस्थेच्या तळघरात, बत्तीस वर्षं. खोल विहिरींतून आलेला दगड यंत्रावर घासून ते मुठीत मावेल एवढा गोळा करायचे, कुठूनही मोजा, केसाचा फरक सापडायचा नाही. तेल आत शिरू नये म्हणून ते त्यावर राळेचा पातळ थर देत, वजन करत आणि मग गोळा माझ्याकडे यायचा, तेलाच्या दाबयंत्रात. मी त्यातून सगळ्या दिशांनी आवाज पाठवायची आणि पोचायला किती वेळ लागला ते टिपायची.

दगडात बारीक भेगा असतात, बहुधा एकाच अंगाने गेलेल्या. त्यांना छेदून जाताना आवाज रखडतो, त्यांच्या अंगाने पळतो. दाब वाढवला की भेगा मिटतात आणि दिशादिशांतला हा फरक घटतो. जमिनीखाली खोलवर दगड कसा वागत असेल, ते आम्ही यावरून ताडतो.

पेखाचेक साठी ओलांडलेले, विधुर. दर डिसेंबरात संचालक त्यांना आणखी एक वर्ष ठेवून घेत. "घरी काय करू? भिंती घासू?" असं म्हणत ते चरबी फासलेला पाव कच्च्या कांद्याबरोबर खात. माणूस खाष्ट. बारा वर्षांत मला एकदा शाबासकी दिली नाही. मीही दिली नाही म्हणा.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात आमच्या तरुण संशोधक डॉक्टर ब्लांका शाफ्रांकोवाचा गोळा आला. दाब शेवटपर्यंत नेला तरी फरक जागचा हलेना. मी तीनदा मोजलं.

"यित्का, हा दगड दाबाला भीकच घालत नाही!" ब्लांका अक्षरशः नाचली. पुढच्या महिन्यात शास्त्रज्ञांच्या सभेत यावर निबंध वाचायचं तिने तिथेच ठरवलं.

पुसलेला गोळा मी खाली पेखाचेकांच्या फळीवर ठेवून आले. दोन दिवसांनी ते जिना चढून वर आले, हातात वर्तमानपत्र. त्यावर नाण्याएवढा तेलाचा डाग.

"पुसलेला गोळा घाम गाळतोय. वजन कर."

आधीपेक्षा पाव ग्रॅम जास्त भरलं. राळेच्या थरात कुठेतरी छिद्र राहिलं होतं आणि तेल भेगांत शिरलं होतं. बाहेर जेवढा दाब तेवढाच आत, मग भेगा मिटणार कशा?

"उस्ताद, छिद्र दिसलं नाही तुम्हाला?"

"वर्षभर धड दिसतच नाही. बोटांवर भागवतोय."

"मग गप्प बसा. डिसेंबर तोंडावर आलाय." हे मी बोलले, नाकारत नाही. खाष्ट असले तरी मला तळघरात तेच हवे होते.

"आणि त्या पोरीला भर सभेत तोंडघशी पाडू?" ते थेट तिच्या खोलीत गेले.

ब्लांकाचा चेहरा उतरला. "एवढंसं तेल! तेवढ्याने असं होईल कशावरून? दगडच वेगळा असला तर?"

"डॉक्टरीणबाई, उरलेल्या तुकड्यातून एक गोळा निघेल. घासतो मी. थर मात्र तुम्ही तपासा, भिंग घेऊन."

तिने दोन तास तपासला. मोजणीच्या दिवशी पेखाचेक माझ्या यंत्रापाशी येऊन उभे राहिले. असे ते कधी उभे राहत नसत. दाब चढत गेला, मी आकडे वाचत गेले.

"नका मिटू," ते पुटपुटले. मला वाटलं, ब्लांकासाठी म्हणतायत.

फरक घटत गेला, इतर कुठल्याही दगडासारखा. ब्लांकाने पेन्सिल खाली ठेवली. "उस्ताद, तुमचंच बरोबर होतं."

"म्हणजे डोळेच गेले माझे," ते म्हणाले.

इतके दिवस हा माणूस दगडच वेगळा निघावा, आपल्या नजरेतून सुटलेल्या छिद्राने काही बिघडलेलं नसावं म्हणून मनात देव पाण्यात घालून बसला होता, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. मी माझं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते बसले नाहीत. या डिसेंबरात मला ठेवून घेऊ नका, हे सांगायला संचालकांना जेवायला जायच्या आत गाठायला हवं, म्हणून ते निघाले. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबून त्यांनी पायाने ती चाचपली आणि मग चढायला लागले.